26 मिनिटांचा बॅले, 19 महिने

17 मे 2025, शनिवार. त्या संध्याकाळी माझ्या पहिल्या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. संगीत 26 मिनिटांचं, वादक 24, नर्तक 9. अर्ज पाठवल्यापासून पडदा उघडेपर्यंत 19 महिने गेले. त्याआधी मी चार-पाच वाद्यांसाठी बरंच लिहिलं होतं, पूर्ण वाद्यवृंदासाठी दोनच रचना केल्या होत्या आणि नाचासाठी एक सूरही लिहिलेला नव्हता. या वाटेवर पुढे काय येतं हे सांगणारं मराठीत काही मिळालं असतं तर किती रात्री नीट झोप लागली असती, असं मला वारंवार वाटलं. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

अर्ज आणि वाट पाहणं

एका नृत्यसंस्थेनं नव्या संगीतकारांकडून अर्ज मागवले होते. मुदत 20 ऑक्टोबर 2023. तीन रचनांचे स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली स्वरलिपी), त्यांची ध्वनिमुद्रणं, एका पानात स्वतःची माहिती आणि ‘तुम्हाला नाचासाठी का लिहायचं आहे’ याचं 500 शब्दांत उत्तर. ते उत्तर मी अकरा वेळा लिहिलं. पहिल्या दहा मसुद्यांत मी कोण आहे एवढंच होतं. अकराव्यात मी एका गोष्टीबद्दल लिहिलं, संगीत ऐकताना अंग कुठे हलतं आणि कुठे थांबतं त्याबद्दल. तेच पाठवलं.

त्या दिवसांत ब्रिटिश संगीतकार जोबी टॅलबट यांच्या कारकिर्दीचा मला फार आधार वाटला. जन्म 1971 चा. त्यांनी रीतसर संगीतरचनेचं शिक्षण घेतलं आणि तरी द डिव्हाइन कॉमेडी या पॉप बँडमध्ये कित्येक वर्षं काढली, चित्रपटांना संगीत दिलं. 2006 मध्ये नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगर यांच्या ‘क्रोमा’ या बॅलेसाठी त्यांनी द व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडची गाणी वाद्यवृंदावर आणली आणि सोबत स्वतःचं संगीतही दिलं. 2007 मध्ये ख्रिस्तोफर व्हील्डन यांनी ‘फूल्स पॅरडाइज’ बसवला, तो टॅलबट यांनी आधी एका मूकपटासाठी लिहिलेल्या संगीतावर. मग त्याच जोडीनं 2011 मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या गोष्टीचा पूर्ण लांबीचा बॅले केला. सरळ रेषेत चाललेला माणूस नाही हा. माझ्याही कागदांवर शाळेच्या नाटकांचं संगीत, दोन लघुपट आणि एक अर्धवट सोडलेली पदवी होती. ती लपवायची की दाखवायची या विचारात मी आठवडाभर होते. शेवटी सगळं लिहिलं.

पोचपावती दुसऱ्या दिवशी आली. त्यानंतर 15 आठवडे काहीच नाही. ‘दरम्यान चौकशी करू नये’ असं सूचनांमध्येच होतं, म्हणून केली नाही. 2 फेब्रुवारी 2024 ला, शुक्रवारी दुपारी, निवड झाल्याची मेल आली. ती वाचून मी उठले आणि घरातली सगळी भांडी घासली. आनंद होता, पण हात थरथरत होते आणि त्यांना काहीतरी काम हवं होतं.

करारनामा

निवड झाल्यावर लगेच लिहायला बसायचं असतं अशी माझी समजूत होती. आधी करार आला, 14 पानांचा. सही व्हायला सात आठवडे लागले आणि त्यातले चार माझ्या प्रश्नांमुळे गेले. ते गेले याचं मला आज बरं वाटतं.

मानधन तीन समान हप्त्यांत होतं: सही झाल्यावर, पूर्ण स्कोअर दिल्यावर आणि पहिल्या प्रयोगानंतर. वाचताना सोपं वाटतं, पण दुसरा आणि तिसरा हप्ता यांच्यामध्ये पाच महिने होते आणि सगळा खर्च नेमका त्याच पाच महिन्यांत यायचा होता. वादकांचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याची स्वतंत्र वही, कोणी बनवायची आणि छपाईचे पैसे कोणी द्यायचे, याचा करारात उल्लेखच नव्हता. मी विचारलं. उत्तर आलं, ‘संगीतकारानं’. मग मी छपाईचा अर्धा भार संस्थेनं उचलावा अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. करारात जे लिहिलेलं नाही तेच नेमकं विचारा. कोणी रागावत नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची, ती मला दोनदा समजावून घ्यावी लागली. मैफलीत रचना वाजली की तिचं मानधन साधारणपणे आपण सभासद असलेली हक्कसंस्था गोळा करते. तेच संगीत नाचासह रंगमंचावर आलं की तो नाट्यप्रयोग ठरतो. त्याला ‘ग्रँड राइट्स’ म्हणतात, आणि त्याची परवानगी व मोबदला सहसा संगीतकारानं किंवा त्याच्या प्रकाशकानं थेट संस्थेशी ठरवायचा असतो. म्हणजे ‘हक्कसंस्था बघून घेईल’ म्हणून सोडून दिलं तर पुढच्या प्रयोगांचे पैसे कोणीच बघत नाही. माझ्या करारात पहिल्या मालिकेनंतरच्या प्रत्येक प्रयोगाला ठरावीक रक्कम आणि पार्टचं वेगळं भाडं, असं कलम मी घालून घेतलं. संस्थेला तीन वर्षांचा एकमेव हक्क फक्त नाचासह प्रयोगाचा. तेच संगीत मैफलीत वाजवायला मी मोकळी.

रचनेची नोंदणीही याच सुमाराला सुरू केली. त्यासाठी तुमचा आयपीआय क्रमांक (संगीतकाराची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो, तो हक्कसंस्थेचं सभासदत्व घेतलं की मिळतो. रचनेला पुढे स्वतःचा आयएसडब्ल्यूसी क्रमांक मिळतो, टी या अक्षरानं सुरू होणारा. नोंदणीत शीर्षक, कालावधी आणि वाद्यसंच भरावा लागतो. मी कालावधी 24 मिनिटं लिहिला होता आणि नंतर दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. शेवटचा बदल होईपर्यंत ती चौकट रिकामी ठेवता आली तर ठेवा.

आठ बारांच्या गाण्याची परवानगी

एप्रिलमध्ये नृत्यदिग्दर्शिकेशी पहिली बैठक झाली. गोष्ट तिची होती: एक मुलगी आजीचं घर रिकामं करते आणि प्रत्येक वस्तूबरोबर त्या घरातला एक दिवस परत जगते. तिसऱ्या प्रवेशात एक जुनं गाणं हवं, फक्त आठ बार, असं तिचं म्हणणं. (बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला तुकडा.) गीतकार जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झालेली, त्यामुळे हक्क संपले असतील असं आम्हा दोघींनाही वाटलं.

संपले नव्हते. ही मुदत देशागणिक बदलते. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपीय संघात 70, आणि मोजणी मृत्यूच्या दिवसापासून नाही तर त्यानंतरच्या 1 जानेवारीपासून. शिवाय शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल तर दोघांचे वारस शोधायचे. मी एका प्रकाशकाला लिहिलं. त्यानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं फॉर्म दिला. फॉर्ममध्ये प्रयोगांची संख्या, प्रेक्षागृहाची आसनं, तिकिटांचे दर आणि गाण्याचा सेकंदांत कालावधी. 11 आठवड्यांनी उत्तर आलं: परवानगी एका वर्षापुरती, एकाच देशापुरती आणि रक्कम माझ्या पहिल्या हप्त्याच्या निम्मी.

तोवर मी तो अख्खा प्रवेश त्या आठ बारांभोवती बांधला होता. जुलैचा एक आठवडा सगळं उसवण्यात गेला. त्या जागी मी एक नवी चाल लिहिली, कधीकाळी ऐकल्यासारखी वाटणारी. दुसऱ्याचं काही वापरायचं असेल तर परवानगी हातात येईपर्यंत त्याच्यावर काहीही उभं करू नका, पर्यायी मसुदा पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

सात मात्रा आणि आठ काउंट

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या भागानं, म्हणून इथे जरा थांबते.

चायकोव्हस्की ‘स्लीपिंग ब्यूटी’ लिहीत होते तेव्हा नृत्यरचनाकार मारिउस पेतिपा यांनी त्यांना प्रसंगागणिक लेखी सूचना दिल्या होत्या: इथे अमुक गती, इथे इतके बार. 1890 च्या त्या बॅलेबद्दल वाचताना मला पूर्वी वाटायचं, एवढ्या मोठ्या संगीतकाराला असं बांधून घालणं बरं नव्हे. जूनच्या अखेरीस मी पियानोचा पहिला मसुदा घेऊन तालमीच्या खोलीत गेले आणि माझं मत बदललं.

दुसऱ्या प्रवेशात मी सात मात्रांचे बार लिहिले होते, दोन-दोन-तीन अशा वजनाचे. चार बारांचं एक वाक्य, म्हणजे 28 मात्रा. नर्तक मात्र सगळं आठात मोजतात. नृत्यदिग्दर्शिकेनं माझ्या 28 मात्रा ऐकल्या आणि त्यांचे तीन आठ आणि एक चार केले. म्हणजे माझी सम प्रत्येक सातव्या मात्रेनंतर, त्यांची आठव्या. दोघांची गाठ पडायची ती 28 संपल्यावर, पुढच्या आवर्तनाच्या तोंडाशी. ऐकायला हे सुंदर होतं. पावलं माझ्या वजनाच्या आत-बाहेर जात होती आणि शेवटी एकत्र उतरत होती. मी ते तसं योजलेलंच नव्हतं.

अडचण आली ती बोलण्याची. पियानोवादक म्हणायचे, ‘बार 85 पासून घेऊ.’ नऊ नर्तक एकमेकांकडे बघायचे. त्यांना बार ठाऊकच नाहीत. नृत्यदिग्दर्शिका म्हणायची, ‘खुर्च्यांच्या दुसऱ्या आठापासून,’ आणि आता पियानोवादक पानं उलटत बसायचे. एका तासाच्या तालमीत 15 मिनिटं या शोधाशोधीत गेलेली मी घड्याळ लावून मोजली.

त्या रात्री मी एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात तालमीचं अक्षर (स्कोअरमध्ये दर थोड्या बारांनी चौकटीत लिहितात ते अ, ब, क), दुसऱ्यात बार क्रमांक, तिसऱ्यात नर्तकांचे काउंट, चौथ्यात रंगमंचावर काय घडतं आणि पाचव्यात ध्वनिमुद्रणातली वेळ. मग कंडक्टरच्या स्कोअरमध्येही ओळींच्या वर बारीक अक्षरांत नर्तकांचे काउंट घातले. हा तक्ता पहिल्याच तालमीला घेऊन जा. मी तो सहाव्या तालमीला नेला आणि त्याआधीचे पाच दिवस मला अजून टोचतात.

स्ट्राव्हिन्स्कींच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेची गोष्ट मला आठवत राहिली. त्या संगीताचे ताल नर्तकांना समजावेत म्हणून मारी रॅम्बर्ट यांना मुद्दाम मदतीला बोलावलं होतं, आणि 29 मे 1913 ला पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांच्या गोंधळात संगीत ऐकू येईना, तेव्हा नृत्यदिग्दर्शक निजिन्स्की विंगेतून ओरडून काउंट देत होते. मी ही गोष्ट नेहमी प्रेक्षकांच्या बाजूनं वाचली होती, लोक किती चिडले म्हणून. आता ती विंगेतून दिसू लागली.

गतीचंही तसंच. शेवटच्या प्रवेशात मी मिनिटाला 132 मात्रा लिहिल्या होत्या. त्या गतीत उड्या अपुऱ्या दिसत होत्या. मला वाटलं, सराव वाढला की होईल. मग एका नर्तकानं मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, ‘ताई, खाली यायला वेळ लागतो.’ घरी जाऊन हिशोब केला. अर्धा मीटर उंच उडी घेतली तर माणूस साधारण 0.64 सेकंद हवेत असतो, संगीत कितीही घाईत असलं तरी. 132 च्या गतीत एक मात्रा जेमतेम 0.45 सेकंदांची. मी त्यांना उंच उडी आणि दोन मात्रांत पुढचं पाऊल, दोन्ही मागत होते. गती 126 वर आणली आणि प्रत्येक उडीआधी अर्ध्या मात्रेचा श्वास घातला. दुसऱ्या संचातले नर्तक बुटके आणि चपळ होते, त्यांना 130 चाललं. म्हणून छापील स्कोअरमध्ये आता ‘126 ते 130’ असं आहे.

संगणकातली बासरी

तालमींना पियानो असला तरी नृत्यदिग्दर्शिकेला घरी काम करायला ध्वनिमुद्रण हवं असतं. ते मी संगणकावरच्या नमुना-आवाजांतून केलं. सगळेच करतात. याच्यात एक धोका आहे. महिनोन्‌महिने तेच ऐकून सगळ्यांचे कान त्याला सरावतात, आणि संगणकात खालच्या पट्टीतली पाश्चात्त्य बासरी दोन हॉर्नांवरूनही स्वच्छ ऐकू येते, कारण तिचा आवाज आपण बटण फिरवून वाढवलेला असतो. खरी बासरी त्या पट्टीत हळवी असते, हॉर्न तिला सहज झाकतात. नृत्यदिग्दर्शिकेनं आजीचा प्रवेश त्याच बासरीवर बेतला होता.

टॅलबट यांच्या 2014 च्या ‘द विंटर्स टेल’मध्ये बासरी, म्हणजे आपली बांबूची, रंगमंचावरच वाजते, वादक नर्तकांच्या मध्ये असतात. ते मी बऱ्याचदा ऐकलं. माझ्या संचात वादक वाढवणं शक्य नव्हतं, पण वाट मिळाली: एखाद्या वाद्याला महत्त्व द्यायचं तर त्याचा आवाज वाढवण्यापेक्षा त्याच्याभोवती जागा करावी. मी हॉर्न काढून टाकले, बासरीवादिकेला त्या प्रवेशापुरती अल्टो बासरी (खालच्या स्वरांची, मोठी) दिली आणि खाली फक्त व्हिओला व चेलो ठेवले. वाद्य बदलायला तिला 20 सेकंदांची विश्रांतीही लिहिली. संगणक वाद्य बदलत नाही आणि श्वासही घेत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात ओबोला सलग दोन मिनिटं विश्रांती नव्हती. शक्य असेल तर प्रत्येक वाद्याच्या एका वादकाला तुमची दोन पानं दाखवा. मी सहा जणांना दाखवली. पाच जणांनी काही घेतलं नाही, वीणावादिकेनं तासाभराचे पैसे घेतले आणि पाश्चात्त्य वीणेच्या (हार्पच्या) स्वर बदलणाऱ्या सात पेडलांचे माझे चार अशक्य बदल दुरुस्त करून दिले.

वाद्ययोजना सप्टेंबर ते डिसेंबर चालली. रोज सकाळी साडेपाच ते आठ, मग नोकरी. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, बसायचं आणि लिहायचं. पूर्ण स्कोअर 20 डिसेंबर 2024 ला दिला, दुसरा हप्ता 30 दिवसांनी आला.

19 वह्या

वादक 24, पण वह्या 19, कारण तंतुवाद्यांत दोघे मिळून एका स्टँडवरून वाचतात. व्यावसायिक लेखनिकाचा अंदाज माझ्या मानधनाच्या चौथ्या हिश्शाएवढा होता. मी स्वतः करायचं ठरवलं. नऊ आठवडे लागले.

वाद्यवृंदाच्या ग्रंथपालांची एमओएलए नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. पार्ट कसे असावेत याची त्यांची मार्गदर्शिका मोफत मिळते, ती आधी वाचा. पाच रेघांची उंची साधारण 8 मिलिमीटर, 7 च्या खाली नको. कागद ए4 पेक्षा मोठा आणि जाड, म्हणजे पाठची शाई दिसत नाही आणि पान उलटताना वाजत नाही. पान संपेल तिथे वादकाला विश्रांती हवी. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे, माझे नऊपैकी पाच आठवडे त्यातच गेले. लांब विश्रांतीनंतर वादक आत येणार असेल तर त्याआधी दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरांत दाखवायची, म्हणजे 47 बार मोजल्यावर त्याला खात्री करून घेता येते.

वह्यांची तपासणी मी एका विद्यार्थिनीला पैसे देऊन करून घेतली. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. तिनं 112 चुका काढल्या. छपाई, बांधणी, तपासणी, प्रवास मिळून माझ्या मानधनाचा जवळजवळ पाचवा भाग गेला, संस्थेनं अर्धी छपाई दिल्यानंतरही. ही रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा.

शेवटचे पाच दिवस

वाद्यवृंदाच्या दोनच स्वतंत्र तालमी होत्या, तीन-तीन तासांच्या, मधल्या सुट्टीसकट. वेळ संपली की वादक उठतात, मग बार अर्धा राहिलेला का असेना. त्यात त्यांचं काही चुकत नाही, त्यांचा तो कामाचा दिवस असतो. पहिल्या तालमीत बार 212 ला बास क्लॅरिनेटची एक ओळ चुकीच्या स्वरात निघाली. 112 चुकांतून सुटलेली 113 वी. कारण सापडायला आठ मिनिटं लागली. मागच्या खुर्चीवर बसून मी कंडक्टरच्या पाठीकडे बघत होते आणि ती आठ मिनिटं संपता संपत नव्हती. सुट्टीत क्लॅरिनेटवादक स्वतः आला, म्हणाला, ‘दुरुस्त करून घेतलंय मी, काळजी करू नका.’

14 मे ला रंगमंचावर नर्तक आणि त्याच्यासमोरच्या खड्ड्यात (पिटमध्ये) वाद्यवृंद, पहिल्यांदा एकत्र. चौथ्या प्रवेशाची सुरुवात मी आवाज दाबलेल्या व्हिओलांवर केली होती, अगदी हळू. प्रेक्षागृहात ती नितांत सुंदर वाजली. वर कोणीच हललं नाही. नर्तकांना काही ऐकूच आलं नव्हतं. 1940 मध्ये लेनिनग्राडला रंगमंचावर आलेला प्रोकोफिएव्ह यांचा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसत होता तेव्हा नर्तकांची हीच तक्रार होती, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही माझ्या स्कोअरमध्ये तीच चूक होती.

रात्री साडेदहा ते दोन. सहा बार बदलले. डबल बासला प्रत्येक वाक्याच्या पहिल्या मात्रेवर बोटानं छेडलेला एक स्वर दिला, वीणेला त्याच्यावरचा. बदललेले तुकडे छापून, कापून, सहज निघेल अशा चिकटपट्टीनं पाच वह्यांत लावले. कोरा स्वरलिपीचा कागद, कात्री, चिकटपट्टी आणि मऊ पेन्सिली या आठवड्यात पिशवीतच ठेवा. ध्वनी विभागानं व्हिओलांजवळ एक माइक आणि विंगेत दोन छोटे स्पीकर दिले. 15 तारखेला नऊच्या नऊ नर्तक वेळेवर हलले. मी तेव्हा अंधारात बसून रडले, आणि शेजारी बसलेल्या वेशभूषाकार बाईंनी काही न विचारता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

17 च्या प्रयोगाबद्दल मला फारसं सांगता येत नाही. मी संगीत ऐकलंच नाही, मोजत होते. शेवटच्या प्रवेशात उड्या आल्या, अर्ध्या मात्रेचा श्वास आला, आणि प्रेक्षागृहातल्या लोकांनीही त्या जागी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

नंतर

तिसरा हप्ता 45 दिवसांनी आला. पाठोपाठ वह्यांचं खोकं परत आलं. दुसऱ्या मालिकेचं बोलणं सुरू आहे, संस्थेला तिसरा प्रवेश दोन मिनिटांनी कमी हवा आहे. हे ऐकून मी आधी खट्टू झाले. ‘अ‍ॅलिस’सुद्धा 2011 मध्ये दोन अंकी होता आणि पुढच्या वर्षी तीन अंकी झाला, हे मग आठवलं. आता कात्री घेऊन बसले आहे.

परत आलेल्या वह्या फेकू नका आणि लगेच खोडूही नका. एकेक पान बघा. वादकांनी पेन्सिलीनं केलेल्या खुणा म्हणजे तुमच्या लेखनाची सगळ्यात प्रामाणिक तपासणी. हॉर्नच्या वहीत बार 143 वर चष्म्याचं चित्र होतं. कंडक्टरकडे बघ, असा त्याचा अर्थ. म्हणजे तिथली गती माझ्या खुणांवरून कळत नव्हती. दुसऱ्या व्हायोलिनच्या वहीत एक पान कोपऱ्यात दुमडलेलं, म्हणजे उलटायला वेळ पुरला नव्हता. अशा 31 दुरुस्त्या निघाल्या.

सर्वात शेवटी टिंपानीची (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांची) वही उघडली. दुसरा प्रवेश, माझे सात मात्रांचे बार. नर्तकांचे काउंट मी फक्त कंडक्टरच्या स्कोअरमध्ये छापले होते, वादकांच्या वह्यांत नाही. टिंपानीवादकानं तालमीत वर बघून ते स्वतःच मोजलेले असणार. माझ्या चार-चार बारांच्या डोक्यावर, पानभर, त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं: 8 8 8 4. 8 8 8 4.

पुढच्या मालिकेसाठी ते आकडे मी सगळ्या 19 वह्यांमध्ये घालते आहे.